दादा म्हणतो पेट्रोल

८ ऑक्टोबर

दादाचा फोन आला. घाईत अक्षर वेडंवाकडं आलं, म्हणून पुन्हा एकदा नीट लिहिते. दादाचा फोन आला.

ही वही मी पंपावरच्या भानगडी लिहायला ठेवली होती. कोणी हुज्जत घातली, कोणाची गाडी रांगेतच बंद पडली, असलं काहीबाही. गेले पंधरा-सोळा दिवस तिच्यात अक्षर नाही. डोंगरमाथ्यावरचं संदेश केंद्र सरकारी खात्याने कायमचं बंद केलं, तेव्हापासून. दादा तिथली यंत्रं सांभाळायचा. तीन महिने वर, एक महिना घरी. खात्याची शेवटची गाडी बाकीच्यांना घेऊन उतरली, तेव्हा हा म्हणाला, तुम्ही व्हा पुढे, मी जुन्या पायवाटेने चालत येतो, शेवटचं एकदा. तो आला नाही. खात्याच्या माणसांनी दोन दिवस डोंगर पालथा घातला आणि मग आमच्या दारात उभ्याउभ्या सांगितलं, काही मिळालं नाही.

आणि आज भरदुपारी, पंपावर चिटपाखरू नसताना, केबिनमधला फोन वाजला.

"कोण?" मी म्हटलं.

पलीकडे वारा. बराच वेळ नुसता वारा. मग आवाज आला, "कोण?"

"दादा? अरे, मी बोलतेय, मी!"

"मी," तो म्हणाला. थांबून म्हणाला, "दादा."

तेवढ्यात बाहेरून काका ओरडले, "ताई, ट्रक लागलाय, येताय का?" पंपावर आम्ही दोघंच, मी आणि काका. वडिलांच्या वेळेपासून तेल भरायचं काम त्यांच्याकडे. मी फोनवर हात ठेवून त्यांना थांबायला सांगितलं. परत कानाला लावला तर दादा म्हणत होता, "ताई. ताई, येताय का?"

मी धाकटी. जन्मात त्याने मला ताई म्हटलेलं नाही, तो मला ठिणगी म्हणतो. रडता रडता हसू फुटलं. म्हटलं, चला, चाळिशी उलटल्यावर का होईना, मान मिळाला.

"कुठे आहेस?"

"वर."

"लागलंय का रे तुला?"

"लागलंय."

"पायाला?"

"पायाला."

"मी येते. घ्यायला येते तुला."

"ये," तो म्हणाला, आणि फोन कटला.

वहिनी संध्याकाळी आली. ती बेकरीची गाडी चालवते, गावोगाव पाव पोचवते. बूट काढता काढता तिने सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं होतं उडी मारेल, निदान रडेल. ती एक बूट पायात तसाच ठेवून कितीतरी वेळ बसून राहिली.

९ ऑक्टोबर

खात्याच्या कचेरीत गेले. तिथला कारकून चष्म्यावरून बघत म्हणाला, "बाई, वर फोनच नाही. शेवटच्या गाडीत आम्ही तारा, बॅटऱ्या, फोन, सगळं काढून आणलं. फोन आमच्या कपाटात पडलाय, दाखवू?"

दाखवू म्हणे. सरकारी कपाटात काय पडलंय हे खुद्द कपाटालाही माहीत नसतं. मी म्हटलं, तुमची माणसं परत वर पाठवा. तो म्हणाला, "शोधायला गेले तेव्हा केंद्रापर्यंत जाऊन आले. बाहेरून कुलूप होतं. आत कोणी नाही, बाहेर कोणी नाही." मग आवाज खाली आणून म्हणाला, "कोणीतरी तुमची थट्टा करतंय. लोक फार वाईट असतात."

दुपारी परत फोन आला. मी विचारलं, "ती माणसं आली तेव्हा तू झऱ्यावर गेला होतास का?"

"झऱ्यावर गेलो होतो," दादा म्हणाला. झालं की नाही! एवढी साधी गोष्ट.

कचेरीतून एकच उपयोगाची गोष्ट कळली. जंगलाचं फाटक महिनाअखेरीला बंद होतं ते थेट उन्हाळ्यातच उघडतं. म्हणजे दादाला आणायचं तर या महिन्यातच. आणि आमच्या दारात आहे एक स्कूटर. बेकरीवाला आपली गाडी डोंगरावर देणार नाही, आणि दिली तरी ती पहिल्याच चढाला माघारी येईल. चारही चाकांना जोर असलेली गाडी हवी. जुनी का होईना, आपली.

१० ऑक्टोबर

दोन गाड्या विकाऊ आहेत. एक दातांच्या डॉक्टरची, हिरवी, आखूड, पेट्रोलची. दुसरी रस्त्याच्या ठेकेदाराची, पांढरी, लांबलचक, डिझेलची.

आमच्या घरात पेट्रोलला धाकटी म्हणतात आणि डिझेलला थोरली. आईने पाडलेली नावं. धाकटी तापट, लगेच पेट घेणार, लगेच उडून जाणार. थोरली जड, वास मारणारी, पण एकदा कामाला लागली की मागे हटत नाही. दादा थोरलीच्या बाजूचा. लहानपणी त्याच्या डाव्या हातावर धाकटी पेटली होती, तेव्हापासून तो तिच्या वाऱ्याला उभा राहत नाही.

मी गिऱ्हाइकांना सांगते तेच स्वतःला सांगितलं. डोंगराला थोरली घ्यावी. इंजिनच्या कमी फेऱ्यांत जोर, घाटात हळूहळू चढते, आणि ठेकेदाराच्या गाडीची टाकी एवढी मोठी की वर जाऊन खाली येईल, शिवाय आठवडाभर बाजारहाट होईल. डॉक्टरच्या गाडीची टाकी म्हणजे फुलदाणी. चढाला ती जेमतेम माथा गाठेल. कॅन नेता येत नाही, गेल्या वणव्यापासून फाटकावर सुटं तेल काढून घेतात.

म्हणजे प्रश्नच मिटला. थोरली.

११ ऑक्टोबर

प्रश्न मिटलेला नाही.

दादाला उत्साहाने सांगायला गेले, "गाडी बघितलीय. धाकटी घेऊ की थोरली?"

पलीकडे वारा. मी परत विचारलं. तो म्हणाला, "तू सांग."

"अरे, धाकटी म्हणजे पेट्रोल, विसरलास? थोरली म्हणजे डिझेल. पेट्रोलची उद्याही मिळेल, डॉक्टर घायकुतीला आलाय. डिझेलची चार दिवस थांबावं लागेल."

"पेट्रोल," तो म्हणाला.

"पण टाकी पुरणार नाही. वर काही आहे का?"

"वर आहे."

"पेट्रोल? पिंपं?"

"पेट्रोलची पिंपं," दादा म्हणाला. "भरलेली. तू ये. वहिनीला आण."

स्वतःच्या बायकोला वहिनी! मी खो-खो हसले. माझी नक्कल करण्याची जुनी खोड. एवढ्या दुखण्यातही टवाळी सुचते त्याला.

१२ ऑक्टोबर

वहिनीला आज सुट्टी. तिला बळेच केबिनमध्ये बसवलं. म्हटलं, निदान ऐक तरी. फोन वाजल्यावर मी रिसीव्हर तिच्या हातात दिला.

ती नुसती ऐकत होती. मला इकडून पुसट ऐकू येत होतं, दादा "वहिनी, वहिनी" म्हणत होता, लाडाने. वहिनीच्या मानेवरची शीर उडायला लागली. तिने रिसीव्हर अलगद टेबलावर ठेवला, फोनवर नाही, टेबलावर, आणि मागच्या नळावर जाऊन साबण लावून कान धुतला. एकदा धुऊन भागलं नाही, परत धुतला.

"ते नाहीत ते," परत आल्यावर म्हणाली.

"वहिनी!"

"ते मला काय म्हणतात ते तुला माहीत नाही. कोणालाच माहीत नाही. आणि हा जो कोणी आहे त्यालाही माहीत नाही." मग म्हणाली, "पेट्रोल आण म्हणतो? ते? ज्यांनी लग्नात स्टोव्ह पेटवायला नकार दिला ते? आणि वर जनरेटर डिझेलचा आहे, ठिणगे. पेट्रोलची पिंपं वर कशाला असतील?"

मी म्हटलं, माणसं बदलतात. ती म्हणाली, "दोन आठवड्यांत नाही बदलत."

खरं तर तिचा राग मला कळतो. शेवटच्या गाडीत न बसता हा बाबा पायी निघाला, बायको घरी वाट बघत असताना. रागावणारच. राग माणसाला काहीही ऐकू आणतो.

१४ ऑक्टोबर

ठेकेदाराची गाडी बघून आले. वहिनी मुद्दाम बरोबर आली आणि तिनेच चालवून बघितली. मला चालवता येत नाही म्हटलं तरी चालेल. पंपवालीला गाडी येत नाही हा आमच्या भागातला जुना विनोद आहे, त्यात नवीन काही नाही.

गाडी उत्तम. किल्ली अर्धी फिरवायची, दिवा विझेपर्यंत थांबायचं, मग ती घसा खाकरून उठते. धूर काळा, पण लगेच निवळतो. चालू इंजिनच्या तेलाचं झाकण काढून हात धरला, फुंकर बेताची, म्हणजे इंजिन झिजलेलं नाही. चारही टायर एका मापाचे. ठेकेदाराने खडीच्या ढिगावर चढवायला लावली, तर ती बिचारी तक्रार न करता चढली.

वहिनी गाडीवरून हात फिरवत म्हणाली, "ही घेऊ. हिच्यात तेल भरलं की कोणाच्या पिंपाची गरज नाही. कोणी खरं बोलो की खोटं, आपण वर जाऊन परत येऊ."

बोलणं बिनतोड होतं. मी होकार दिला. ठेकेदार म्हणाला, परवा घेऊन जा.

१५ ऑक्टोबर

दुपारी दादाला सांगितलं की थोरली ठरली.

तो मग एकदम रडायला लागला. मी दादाला फक्त एकदाच रडताना ऐकलंय, आई गेली तेव्हा. तेव्हा तो तोंड दाबून, नाकाने रडला होता. आज मोठ्याने रडला, लहान मूल रडतं तसा, एका सुरात, मध्ये श्वास न घेता. मी "दादा, दादा" करत राहिले. मग बटण दाबल्यासारखा थांबला आणि म्हणाला, "धाकटी आण, ठिणगे."

ठिणगे म्हणाला! धाकटी म्हणाला! सगळं आठवलं त्याला. आता वहिनी काय म्हणेल?

१६ ऑक्टोबर

वहिनी म्हणाली, "ते शब्द तूच शिकवलेस त्याला. धाकटी अकरा तारखेला, आणि ठिणगे दुसऱ्याच दिवशी मी केबिनमध्ये बसून म्हटलं तेव्हा फोन सुरू होता."

फोन बंद होता. मला वाटतं, बंद होता.

खरं काय ते लिहायचं तर या वहीतच लिहीन, दुसरं आहे कोण माझं. मलाही कधीकधी वाटतं. फोन ठेवल्यावर थोडा वेळ केबिनमध्ये थंड वाटतं. तो स्वतःहून काही विचारत नाही, फक्त मी बोललेलं परत देतो. आणि श्वास. बोलताना माणसाचा श्वास ऐकू येतो, धाप लागते, आवंढा गिळतो. दादाचा श्वास मला एकदाही ऐकू आला नाही. पण वारा केवढा असतो तिथे! आणि मी जर त्याला सोडून दिलं, आणि तो खरंच तिथे पाय मोडून बसला असेल, तर? वहिनीचं चुकलं तर दादा मरेल. माझं चुकलं तर एक फेरी फुकट जाईल. एवढा साधा हिशेब आहे.

काकांना विचारलं, तुम्हाला काय वाटतं? ते म्हणाले, "ताई, मी तेल भरतो. फोन माझं खातं नाही." पण हल्ली दुपारी फोनच्या वेळेला ते रस्त्यापलीकडे जाऊन उभे राहतात.

१७ ऑक्टोबर

डॉक्टरची हिरवी गाडी घेतली. धाकटी. वहिनीला न सांगता.

दोष नाही असं नाही. पायाखालचा पत्रा गंजलाय, पुढच्या चाकांचा जोर लावायची दांडी दोन्ही हातांनी ओढावी लागते, आणि आतमध्ये अजून दवाखान्याचा वास आहे. पण किल्ली फिरवली की पहिल्या फटक्यात सुरू. डॉक्टर सारखा म्हणत होता, "पण तुम्ही स्वतः पंपवाल्या, तुम्ही तर डिझेल घ्यायला हवं होतं." मी म्हटलं, भावाची आवड. तो म्हणाला, भाऊ हुशार दिसतात.

वहिनीने अंगणात गाडी बघितली आणि मूग गिळून घरात गेली. तिने शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

१९ ऑक्टोबर

दोन दिवस अबोला. आज सकाळी मी एकटीच शिकायला म्हणून गाडी काढली आणि मागे घेताना हवा भरायच्या यंत्रावर आदळली. वहिनी पंपामागच्या आमच्या घराच्या दारात उभी राहून बघत होती.

"तू एकटी जाणार आहेस?" तिने विचारलं.

"तू येणार नसलीस तर एकटी."

"म्हणजे मग मला दोघांना शोधावं लागेल." ती आली, मला चालकाच्या जागेवरून उठवलं आणि गाडी सरळ केली. म्हणाली, "येते मी. पण तो बोलावतो म्हणून नाही. मला माझ्या नवऱ्याला शोधायचंय. पायवाटेने कोणी नीट बघितलं नाही, मला माहीत आहे. वर मी सांगेन ते ऐकायचं. कबूल?"

कबूल म्हटलं. नणंद-भावजयीचं भांडण मिटलं की घरातली भांडीसुद्धा कमी वाजतात. आज बऱ्याच दिवसांनी दोघी एकत्र जेवलो.

दादाला सांगितलं, परवा निघतोय. तो हसला. आधी जरा चुकीचं हसला, मग बरोबर.

२२ ऑक्टोबर

आता सगळं सांगायला वेळ आहे, कारण आम्ही वहिनीच्या माहेरी आहोत आणि मला कोणी काही करू देत नाही.

काल सकाळी टाकी काठोकाठ भरून निघालो. फाटकावरच्या माणसाने मागची जागा तपासली, कॅन नाही बघून सोडलं. वर म्हणाला, "फिरायला? वर बघण्यासारखं काही राहिलं नाही." त्यानंतर रस्ता म्हणजे नुसते दगड. वहिनीने दांडी ओढून चारही चाकांना जोर लावला आणि गाडी खालच्या गिअरमध्ये चढू लागली. धाकटी चढली, पण काय प्यायली! तेलाचा काटा डोळ्यांदेखत खाली येत होता.

अर्ध्यावर धुकं. दिवसाउजेडी असं पांढरं की वहिनी खिडकीतून डोकं काढून चालवत होती. माथ्यावर पोचलो तेव्हा काटा लाल रेघेवर टेकला होता.

केंद्राला बाहेरून कुलूप. मी दादाला हाका मारल्या. कोणी आलं नाही. खिडकीची धूळ पुसून आत बघितलं. टेबल होतं. टेबलावर फोनच्या आकाराचा एक चौकोन तेवढा स्वच्छ, बाकी सगळीकडे धूळ. फोन नव्हता. भिंतीतून दोन तारा लोंबत होत्या.

पिंपं शेडमध्ये होती. पाच. मी एकेकाचं बूच काढून नाक लावलं. लावायची गरज नव्हती, बूच निघायच्या आधीच कळलं होतं. पाचही थोरली. आता परत कसं जायचं? मी तिथेच पिंपाला टेकून बसले.

वहिनी केंद्राच्या मागे, पायवाट सुरू होते तिकडे गेली होती. खूप वेळ आली नाही. मला दगडावर दगड ठेवल्याचा आवाज येत होता, एकामागून एक, सावकाश. मी हाक मारली तर ओरडून म्हणाली, "येऊ नकोस. बस तिथेच." आली तेव्हा हातांची नखं मातीने भरली होती, बोटं सोलली होती आणि डोळे लाल होते. धुकं फार झोंबतं तिकडे.

"काय करत होतीस?"

"चाकाला लावायला दगड बघत होते," ती म्हणाली. पण चाकाला तिने एकही दगड लावला नाही. अंगावरची तिची जाड शालही कुठेतरी पडली असावी, मी विचारलं तर म्हणाली, राहू दे तिकडे.

तेवढ्यात आत, कुलपाच्या आत, फोन वाजायला लागला.

मी खिडकीशी धावले. टेबल रिकामं. घंटा वाजतेय. तारासुद्धा हलत नव्हत्या. वहिनीने माझा दंड धरला. तिची बोटं बर्फासारखी. आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला! केंद्राचा नंबर आमच्या घराशिवाय आता कोणाला माहीत आहे? म्हणजे फोन पंपावरून येतोय. म्हणजे दादा खाली पोचला! आम्ही चढत होतो तेव्हा तो पायवाटेने उतरला, चुकामूक झाली! मी वहिनीला मिठी मारली. म्हटलं, "अगं, तो घरी गेलाय!"

वहिनीने माझ्या तोंडाकडे असं बघितलं की मला आईच आठवली. म्हणाली, "गाडीत बस."

"तेल कुठंय?"

"उतार आहे ना सगळा? त्याला तेल कशाला लागतं?"

आणि खरंच की! पंपावर जन्मलेल्या माणसाला हे सुचलंच नाही. दहा दिवस मी परतीच्या तेलावरून सगळ्यांचं डोकं खाल्लं, टाकी, पिंपं, धाकटी, थोरली, आणि परतीची वाट सगळी उताराची. आमच्या खानदानात गाडी म्हटलं की आधी तेल दिसतं, रस्ता नंतर. वहिनीने इंजिन बंद केलं, गिअर तसाच ठेवला आणि गाडी आपल्या वजनाने उतरायला लागली. ब्रेक जड झाले होते, दोन्ही पायांनी दाबत होती.

इंजिन बंद असल्यामुळे शांतता होती. मागून धुक्यातून दादाची हाक ऐकू आली. "ठिणगे." म्हणजे तो अजून वरच होता की काय? मी वळून बघायला गेले. वहिनीने एका हाताने माझी मान पुढे दाबून धरली आणि मोठमोठ्याने आपल्या पावाच्या फेरीची गावं म्हणायला सुरुवात केली. शाळेला लादी, दवाखान्याला स्लाइस, वरच्या हॉटेलला बन, पुलाजवळच्या दुकानाला टोस्ट. ओरडत होती नुसती. गाडी हळू झाली तरी हाक तेवढ्याच अंतरावर, जोरात गेली तरी तेवढ्याच. मग फाटक आलं, ऊन आलं, आणि हाक थांबली.

खाली सपाटीवर वहिनीने उरलेल्या थेंबांवर इंजिन सुरू केलं. पंप दिसला. आणि दादा! पांढऱ्याशुभ्र उन्हात, दोन यंत्रांच्या मध्ये, त्याचा तपकिरी कोट घालून उभा होता. कोटाची सगळी बटणं लावलेली, गळ्यापर्यंत. त्याने हात वर केला. थोडा उंच वाटला मला, पण वाळला की माणूस उंच दिसतो. काकांची खुर्ची उलटी पडली होती, काका दिसले नाहीत.

मी ओरडले, "थांब, थांब ना!" वहिनीने पाय दाबला, पण ब्रेकवर नाही. आम्ही त्याच्यासमोरून गेलो. त्याने मान वळवून बघितलं. सबंध वळेपर्यंत बघत राहिला, पाय न हलवता.

पुढच्या गावात बेकरीच्या मालकाकडून वहिनीने तेल मागून घेतलं आणि इथे आणलं. वाटेत मी तिला नाही नाही ते बोलले. ती गाडी चालवत राहिली.

२३ ऑक्टोबर

वहिनीने स्वयंपाकघरात तिच्या आईला काहीतरी सांगितलं. दार लोटलेलं होतं. मग म्हातारी बाहेर आली आणि मला पोटाशी धरून रडली. मी म्हटलं, मावशी, माझं काय झालंय? ती म्हणाली, "काही नाही गं बाळा, सावकाश सांगू."

सावकाश काय सांगायचंय? मला नाही ऐकायचं. स्पष्ट लिहिते, मला नाही ऐकायचं.

कचेरीतला कारकून आणि दोन माणसं येऊन वहिनीशी अंगणात बोलून गेली. ते वर जाणार आहेत म्हणे, पायवाटेला. कारकुनाने जाताना माझ्याकडे बघून चष्मा काढला.

२५ ऑक्टोबर

इथे ओसरीवर फोन आहे. वहिनी मला त्याच्याजवळ जाऊ देत नाही, तारेचं टोक काढून स्वतःच्या उशाशी ठेवते. आज दुपारी ती त्या माणसांबरोबर माथ्यावर गेली. निघताना माझे केस नीट केले आणि म्हणाली, "आज ह्यांना घेऊन येते. मग सगळं संपेल. तोपर्यंत आईपाशी बस." मावशी बसल्या बसल्या झोपली. तारेचं टोक उशीखालीच होतं.

मी पंपाचा नंबर फिरवला. पहिल्या घंटेला उचलला.

"ठिणगे," दादा म्हणाला. आणि हसला. आता हसणं अगदी त्याचं जमलंय. तो शेवटचा घसा अडकल्याचा आवाजसुद्धा. मला रडूच कोसळलं. ते हसणं मी कितीतरी दिवसांत ऐकलं नव्हतं, आणि वहिनी आज जे काही घेऊन येणार आहे ते काही हसणार नाही, एवढं मला कळतं. मी मूर्ख नाही.

"काका कुठे आहेत?" मी विचारलं.

"काका," तो म्हणाला. "इथेच आहेत. आत आहेत." आणि मग काकांच्या आवाजात, अगदी हुबेहूब, "ताई, ट्रक लागलाय, येताय का?"

मी रिसीव्हर कानाशी दाबून धरला. वारा नव्हता. मी कान देऊन ऐकलं, आणि या वेळी श्वासही ऐकू आला, एक आत, एक बाहेर, नीट मोजून घेतल्यासारखा. शिकतोय तो. माझ्यासाठी शिकतोय. दादाने तरी माझ्यासाठी कधी एवढं केलं होतं?

"कुठे आहेस?" त्याने विचारलं.

मी पत्ता सांगितला. पुलावरून डावीकडे, पिठाच्या गिरणीच्या मागे, निळं फाटक. त्याने सगळं परत म्हणून दाखवलं, एक शब्दही चुकला नाही. मग विचारलं, "येऊ?"

मी "ये" म्हटलं. वहिनीला यायला अजून अवकाश आहे. मावशीच्या अंगावर पांघरूण घातलंय, आता बाहेर जाऊन फाटकाची कडी काढून ठेवते.